नव्या वेबसाइटवर गिऱ्हाईक आणायचं कसं? कोल्हापुरातल्या छोट्या धंद्यांसाठी पायरी-पायरीने

वहिनींच्या चटणीची वेबसाइट आम्ही पाडव्याला सुरू केली. चटणी म्हणजे आपली, डंकावर कुटलेली लाल चटणी. नारळ फोडला, सगळ्या पाहुण्यांना लिंक पाठवली आणि फोनकडे डोळे लावून बसलो. पुढचा दीड महिना साइट उघडून बघणारी माणसं म्हणजे मी, वहिनी, पुण्यातली भाची आणि साइट बनवून देणारा. चैत्र-वैशाख हा चटणीचा खरा हंगाम, आणि नेमका तोच कोरडा गेला.

त्यानंतर जे शिकलो, ते पुढे महाद्वार रोडजवळच्या एका चपलेच्या दुकानासाठी, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीसाठी आणि पन्हाळ्यावरच्या एका होमस्टेसाठी करून बघितलं. धंदे वेगळे, पण कामाचा क्रम तोच निघाला. हा क्रम मोडू नका. पहिली पायरी चुकली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते, हे आम्ही भोगलंय.

पहिली पायरी: गुगलला तुमची साइट माहीत आहे का?

गुगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द टाइप करा, त्याला लागून कोलनची दोन टिंबं द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची पानं खाली दिसली तर गुगलने साइटची नोंद घेतली आहे. काहीच आलं नाही तर बहुधा नोंदच झालेली नाही. मग कुणी कितीही शोधलं तरी तुम्ही सापडणार नाही.

आमच्या बाबतीत कारण एका बारीक चौकटीत होतं. आमची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान असतं. त्यात खालच्या बाजूला एक चौकट असते, तिचा अर्थ असा की सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये. साइटचं काम चालू असताना ती टिक करून ठेवतात आणि काम झालं की काढतात. आमची कुणी काढलीच नव्हती. टिक काढायला पाच सेकंद लागले. तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर हे वाचता वाचताच जाऊन बघा.

त्यानंतर गुगल सर्च कन्सोल हे मोफत साधन जोडून घ्या. साइट तुमचीच आहे हे एकदा सिद्ध करावं लागतं. मग डाव्या बाजूच्या 'साइटमॅप्स'मध्ये साइटमॅपचा पत्ता टाका, म्हणजे तुमच्या सगळ्या पानांची यादी गुगलकडे जाते. महत्त्वाची चार-पाच पानं वरच्या पट्टीत एकेक करून तपासा आणि नोंदणीची विनंती करा. याला काही दिवस ते काही आठवडे लागतात, असं गुगल स्वतःच सांगतं. रोज उठून तेच बटण दाबल्याने काम लवकर होत नाही, त्यामुळे एकदा विनंती केली की पुढच्या कामाला लागा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) आणि सर्च कन्सोल तुमच्या स्वतःच्या ईमेलवर असू द्या. साइट बनवून देणाऱ्याला हवी तर परवानगी द्या, पण मालकी देऊ नका. दुकानाची किल्ली सुताराकडे ठेवत नाही, तसंच हे.

दुसरी पायरी: नकाशावर पिन

गावातल्या गिऱ्हाइकासाठी वेबसाइटच्या आधी गुगल बिझनेस प्रोफाइल. हे मोफत आहे. अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेलं कुटुंब मोबाइलवर 'जवळचं चप्पल दुकान' शोधतं, तेव्हा सगळ्यात वर नकाशा आणि त्यातली मोजकी दुकानं येतात. नंबर लावताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमचं नाव किती ठिकाणी झालेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीच्या दोन गोष्टी आहेत.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावापुढे 'बेस्ट कोल्हापुरी चप्पल इन कोल्हापूर' असलं शेपूट जोडणं गुगलच्या नियमात बसत नाही आणि त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकतं. धंद्याचा मुख्य प्रकार नीट निवडा. पिन स्वतः दुकानाच्या दारात उभं राहून लावा. पेठांमधल्या बोळात पिन एक गल्ली चुकली तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जातं. दुपारी दुकान बंद ठेवत असाल तर तशीच वेळ टाका. बंद शटर बघून परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही.

पडताळणीसाठी आता बरेचदा व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, आतला माल आणि तुम्ही कुलूप उघडताना, असं सलग एका दमात चित्रित करा.

घरातून धंदा करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. जे फक्त ऑनलाइन विकतात आणि ज्यांची गिऱ्हाइकाशी समोरासमोर गाठ पडत नाही, त्यांना हे प्रोफाइल काढता येत नाही. वहिनींकडे लोक घरी येऊन चटणी नेतात, म्हणून त्यांचं झालं. तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माल किंवा सेवा देत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात जाता ते दाखवता येतं.

रिव्ह्यू मागायला लाजू नका. माणूस खूश होऊन पैसे देत असतो, तोच मागायचा क्षण. पण रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत किंवा भेट देऊ नका, त्याला मनाई आहे. आलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या, वाईट असेल त्याला तर आधी द्या. भांडू नका. काय चुकलं आणि काय दुरुस्त केलं तेवढं लिहा. पुढचं गिऱ्हाईक तुमचं उत्तर वाचत असतं.

तिसरी पायरी: गिऱ्हाईक बोलतं ते शब्द

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

वहिनींच्या साइटवर पहिल्यांदा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरगुती चटणी'. कोल्हापुरात कुणालाही हे कळतं. पण ठाण्यातल्या बाईला चटणी म्हटलं की नारळाची किंवा शेंगदाण्याची आठवते. तिला हवं असतं तेच, पण ती शोधते 'कांदा लसूण मसाला'. आमचा माल एका नावाचा आणि मागणी दुसऱ्या नावाची. हे कळलं ते फोनमुळे. पुण्याहून एकीने विचारलं, "तुमच्याकडं कांदा-लसूण मसाला नाही का? साइटवर नुसती चटणीच दिसतेय." वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "अहो ताई, तीच ती!"

मग फोनजवळ एक वही ठेवली. कुणी काहीही विचारलं की ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. महिन्याभरात वहीत हे जमलं: वर्षभर टिकते का? बुरशी लागते का? मुलं खातील एवढी कमी तिखट मिळेल का? किलोभर चटणी चार माणसांना किती दिवस पुरते? यात गरम मसाला असतो की वेगळा घालायचा? तांबड्या रश्श्याला हीच चालते का? यातला एकही प्रश्न साइटवर नव्हता. साइटवर होतं 'परंपरेची चव, विश्वासाचा वारसा'. असलं काही कुणी शोधत नाही.

मग त्या प्रश्नांची पानं केली. प्रत्येक मोठ्या प्रश्नाला एक पान आणि त्यात पहिल्याच दोन ओळींत उत्तर. टिकण्याच्या पानावर वहिनींनी जे फोनवर सांगितलं असतं तेच लिहिलं: कांदा कडकडीत वाळवून तेलात कुरकुरीत तळलेला असला की ओल राहत नाही. चटणी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि ओला चमचा कधीही घालायचा नाही. मिरचीच्या पानावर ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि लवंगी तिखटासाठी कशी मिसळतात ते लिहिलं, आणि तिन्ही मिरच्या शेजारी ठेवून काढलेला फोटो टाकला. डंकाचं पान मला सगळ्यात आवडतं. मुसळ उचलून पडल्याचा धपधप आवाज, खोबऱ्याचं तेल सुटून चटणी हाताला लागायला लागते तो क्षण, शेजारी तोंडाला पदर बांधून बसलेल्या बायका. हे दुसऱ्या कुणाच्या साइटवरून उचलता येत नाही, आणि तिथे उभं राहिल्याशिवाय लिहिताही येत नाही.

पानाचं शीर्षक, म्हणजे गुगलच्या निकालात निळ्या अक्षरात दिसणारी ओळ, नीट लिहा. आमच्या मुख्य पानाचं शीर्षक आधी नुसतं 'होम' होतं. आता आहे 'कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला (घरगुती लाल चटणी), डंकावर कुटलेला, घरपोच'. दोन्ही नावं त्यात आली. मराठी माणूस मोबाइलवर पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, म्हणून एखाद्या ठिकाणी तसंही लिहा, पण एकच शब्द वीस वेळा कोंबू नका. काही जण आजही 'मेटा कीवर्ड्स' (पानाच्या कोडमधली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी) भरून देण्याचे पैसे घेतात. नंबर लावताना ते विचारात घेत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

चपलेच्या दुकानात हीच वही वेगळी भरली. गावातला माणूस 'पायताण' म्हणतो, बाहेरचा 'कोल्हापुरी चप्पल', आणि जाणकार थेट कापशी किंवा कुरुंदवाडी मागतो. त्यांनी प्रत्येक प्रकाराचं वेगळं पान केलं. पायाचं माप कागदावर कसं काढायचं, नवी चप्पल चावली तर काय करायचं, पावसात वापरावी का, याची पानं केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे येतात. खरी आणि नकली कशी ओळखायची, हे लिहायचा अधिकार ती करणाऱ्यांइतका कुणालाच नाही. म्हणून ते पान त्यांनीच लिहावं असा मी आग्रह धरला.

उद्यमनगरातल्या फाउंड्रीचं गणित निराळं. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे चाकणच्या किंवा परदेशातल्या कारखान्याचा खरेदी विभाग. तो इंग्रजीतच शोधतो, आणि 'दर्जेदार कास्टिंग' असं शोधत नाही. तो शोधतो एफजी २६० किंवा एसजी ५००/७ अशी ओतीव लोखंडाची ग्रेड, सोबत वजन आणि मशिनिंग. तेव्हा साइट इंग्रजीत करा. कुठल्या ग्रेडमध्ये काम करता, किती किलोपासून किती किलोपर्यंतचे नग ओतता, पॅटर्न तुम्ही करता की गिऱ्हाईक देतं, तपासणीला कुठली यंत्रं आहेत, हे सरळ तक्त्यात मांडा. महिन्याला दहाच माणसं आली तरी चालेल, त्यातला एक वर्षभराची ऑर्डर देऊन जातो.

चौथी पायरी: मोबाइलवर साइट चटकन उघडते का?

याला एक संध्याकाळ पुरते. फोनमधून काढलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवू नका. आकार कमी करून वेबपी या फोटोच्या हलक्या प्रकारात दोनशे केबीच्या आत आणा. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या मोफत पानावर पत्ता टाकून तपासा. मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर उत्तम. फोन नंबर बोट लावताच लागला पाहिजे आणि व्हॉट्सअॅपचं बटण प्रत्येक पानावर हवं. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) क्रमांकही दाखवा, अनोळखी माणसाला त्याने धीर येतो.

पाचवी पायरी: पहिले शंभर जण ओळखीतून

गुगलवर बस्तान बसायला महिने लागतात. चार महिने ते वर्षभर धरून चला. तोवर साइटवर येणारी माणसं तुमच्या गिऱ्हाइकांतून आणि त्यांच्या ओळखीतून येतील.

व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमध्ये कॅटलॉग भरा आणि त्यात साइटचा पत्ता द्या. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणून माल देताना म्हणा, "नंबर सेव्ह करून ठेवा, नवी चटणी कुटली की कळवतो." सोसायट्यांच्या आणि शाळेच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकू नका, लोक वैतागतात आणि तुमचं नाव खराब होतं.

आम्हाला सगळ्यात जास्त फळ ज्या सवयीने दिलं ती साधी आहे. कुणी व्हॉट्सअॅपवर प्रश्न विचारला की एका ओळीत उत्तर द्यायचं आणि खाली त्या पानाची लिंक जोडायची. विचारणारी बाई ती लिंक जावेला पाठवते, जाऊ माहेरी पाठवते.

छापील गोष्टी विसरू नका. बिलबुक, पिशवी, पाकिटावरचं लेबल, पार्सलमधली चिठ्ठी, या सगळ्यांवर क्यूआर कोड हवा. पण तो मुख्य पानावर नेणारा नको. चटणीच्या पाकिटावरचा कोड 'चटणी कशी साठवावी' या पानावर नेतो, कारण पाकीट फोडणाऱ्या बाईला त्या क्षणी तेच हवं असतं. प्रत्येक कोडच्या लिंकला वेगळा यूटीएम शेपटा (लिंकच्या शेवटी जोडायची ओळखीची खूण) जोडा, म्हणजे गिऱ्हाईक पिशवीवरून आलं की पार्सलवरून, हे साइटवरची ये-जा मोजणाऱ्या गुगल अॅनालिटिक्समध्ये दिसतं.

इन्स्टाग्राम जरूर करा. डंकाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ आमच्या कुठल्याही सजवलेल्या फोटोपेक्षा जास्त पाहिला गेला. पण तिथे आलेल्या माणसाला साइटवर आणा. जून २०२० मध्ये बंदी आली तेव्हा टिकटॉकवर दुकान मांडलेल्यांचं एका रात्रीत काय झालं ते आठवा. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून बनणाऱ्या फुकट वेबसाइटसुद्धा मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. स्वतःच्या डोमेनवरचं पान तुमचं राहतं.

सहावी पायरी: दुसऱ्यांनी तुमचं नाव घ्यावं

दुसऱ्या चांगल्या साइटने तुमच्या साइटची लिंक दिली की गुगलच्या लेखी तुमचं वजन वाढतं. लिंका विकत घेऊ नका. एका एजन्सीने आम्हाला 'पहिल्या पानावर आणतो, हजार बॅकलिंक देतो' असं सांगून पैसे घेतले. त्या लिंका कुठल्या होत्या, तर परदेशातल्या, मसाल्याशी काडीचा संबंध नसलेल्या ओसाड साइटवरच्या. फायदा शून्य, आणि गुगलच्या नियमांत हे गैरच आहे. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही गुगलने लिहून ठेवलंय.

खऱ्या लिंका जवळच असतात. तुमचा माल वापरणारं हॉटेल, तुम्ही सभासद असलेली व्यापारी किंवा उद्योजक संघटना, तुमचा पुरवठादार. पन्हाळ्याच्या होमस्टेने ट्रेकिंगवाल्या गटांसाठी गाडी कुठे लावायची, पाणी कुठे मिळतं, पावसाळ्यात कुठला रस्ता टाळावा, असं पान केलं. तीन गटांनी आपणहून लिंक दिली.

आणि चर्चा पेटायच्या आधी पान तयार ठेवा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर कोल्हापुरीची चर्चा झाली. अशा वेळी बातमीदार आणि खरेदीदार दोघेही माहिती शोधायला बसतात. ती चप्पल कशी कापतात, कशी शिवतात, किती दिवस लागतात, हे फोटोंसह आधीच मांडलेलं असेल तरच तुम्ही त्यांच्या हाती लागता.

हंगामालाही हेच लागू. वार्षिक चटणीचं पान मार्चमध्ये लिहून उपयोग नाही, ते डिसेंबरात हवं. होमस्टेवाल्याने जोतिबाच्या चैत्र यात्रेचं पान संक्रांतीआधी लिहावं, नवरात्राचं आषाढात. शहरातल्या लॉजवाल्याला किरणोत्सवाचं पान करता येईल. जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरमध्ये मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात, तेव्हा बाहेरगावची माणसं खास मुक्कामाला येतात. दरवर्षी नवं पान काढू नका. त्याच पत्त्यावरच्या पानात तारखा बदला, म्हणजे जुनं वजन टिकतं.

जाहिरातीवर पैसे घालायचे तर हे सगळं झाल्यावर घाला. थोडं बजेट, ठरावीक शहरं आणि खरेदीचा इरादा दिसणारे शब्द. आम्ही पहिल्यांदा 'चटणी' या शब्दावर जाहिरात लावली आणि इडलीबरोबरची चटणी शोधणाऱ्यांच्या क्लिकचे पैसे भरले.

आठवड्यातून अर्धा तास

सोमवारी सकाळी सर्च कन्सोल उघडा आणि 'परफॉर्मन्स' बघा. कुठल्या शब्दांवर तुमचं पान दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं, याची यादी तिथे असते. खूप वेळा दिसलं पण क्लिक कमी, असं असेल तर शीर्षक बदला. ज्या शब्दासाठी तुमच्याकडे पानच नाही असा शब्द दिसला तर ते तुमचं पुढचं पान. आम्हाला तिथे 'पांढऱ्या रश्श्याला कुठला मसाला' असा शोध दिसला. पांढऱ्या रश्श्यात लाल चटणी पडतच नाही. वहिनींनी तेवढंच सांगणारं पान लिहिलं, खसखस-काजू-नारळाच्या दुधाची कृती दिली आणि शेवटी तांबड्या रश्श्यासाठी चटणीची लिंक जोडली. रश्श्याचा बेत करणारा सहसा दोन्ही करतो, त्यामुळे त्या पानावरून ऑर्डरी येतात.

यंत्रातले आकडे सगळं सांगत नाहीत, म्हणून वही चालूच आहे. आता तिला तीन रकाने आहेत: काय विचारलं, गाव कुठलं, आमचा नंबर कुठून मिळाला. तिसरा रकाना वहिनी स्वतः विचारून भरतात. गेल्या आठवड्यात वहीत त्यांनी लिहिलंय, 'नाशिक, साठवणीचं पान वाचून, दोन किलो, कमी तिखट'.